हिवाळ्यात दही न खाणारे सान

माझं दही आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांनी माझ्या हातचं बाकी बरंच काही परत पाठवलं आहे. त्यामुळे मस्कतला आमच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जपानी गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात माझी दह्याची वाटी जशीच्या तशी खाली आणून दिली, कंबरेत वाकून नमस्कार केला आणि सोबत बिस्किटांचा एक सुरेख डबा ठेवला, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बिस्किटं छान होती. ती खाता खाता मी यांना म्हटलं, माणूस शिष्ट दिसतोय.

हे आणि ते गृहस्थ एकाच ठिकाणी कामाला होते. समुद्राचं खारं पाणी गोड करायचा कारखाना होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मदिनत सुलतान काबूसमधल्या एका पांढऱ्या व्हिलाचा खालचा मजला आमचा, वरचा त्यांचा. कारखान्यात सगळे त्यांच्या नावापुढे ‘सान’ लावत. सान म्हणजे आपल्याकडचं ‘राव’. आमच्या घरात नाव गळून पडलं आणि नुसते सान राहिले. पन्नाशीचे, काटकुळे, एकटे. इस्त्रीचा शर्ट घालून कचरा टाकायला जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमचं बोलणं इंग्रजीत चाले आणि दोघांचंही इंग्रजी लंगडं. इथे मराठीत लिहिते, म्हणजे दोघांचीही अब्रू राहील.

तर दही परत आलं. मग ताक परत आलं. लिंबाचं लोणचं परत आलं. इडल्या परत आल्या, आणि त्या दिवशी त्या नेमक्या कधी नव्हे त्या हलक्या झाल्या होत्या. दर वेळी तोच नमस्कार, तेच “माफ करा, ओकुसान.” ओकुसान म्हणजे त्यांच्यात वहिनी. यांचं म्हणणं, पोट नाजूक असेल. मस्कतच्या मराठी मंडळातल्या बायकांनी ठरवलं की जपान्यांना दूधदुभतं पचतच नाही. मी मात्र नाकाने कांदे सोलत सगळ्यांना सांगितलं की मला माणसांची पारख आहे, हा माणूस चक्रम आहे.

चक्रमपणाचे पुरावे हवे तेवढे होते. भातासाठी तांदूळ भिजत घातले की ते समोर स्टॉपवॉच घेऊन उभे राहत. एकदा मी वर गेले तर त्यांनी हाताने खूण करून मला दारातच थांबवलं. वेळ झाली, पाणी निथळलं, मग मला या म्हणाले. आमच्याकडे तांदूळ मुलीच्या वेण्या घालून होईपर्यंत भिजतात. एखाद्या दिवशी वेण्या लांबतात आणि भाताचा गिचका होतो, पण त्याने कुणी मेलेलं नाही. हे मी त्यांना ऐकवलं. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “ओकुसान, तांदळाला घाई कळते.” मी घरी येऊन हे वाक्य यांना नक्कल करून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर कुकर लावताना दर वेळी मला ते वाक्य आठवू लागलं, ही त्या हसण्याची शिक्षा.

पाण्याचंही तेच. रोज सकाळी अंगणात उभं राहून ते आमच्याच कारखान्याचं पाणी पेल्यातून घोटाघोटाने पीत आणि मान हलवत. मी विचारलं, पाणी वाईट आहे का. म्हणाले, वाईट नाही, फार एकटं आहे, त्याच्यातलं सगळं आपण काढून घेतलंय. यांनी हे कारखान्यात सांगितलं तेव्हा तिथे महिनाभर पाण्याला ‘बिचारं’ म्हणत होते. आणि फोन! जपानहून फोन आला की सान रिसीव्हर कानाला लावून वाकत. बोलणं संपलं तरी वाकलेले. पलीकडच्या माणसाला काय दिसणार आहे, असं मी एकदा म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, त्याला ऐकू येतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एके सकाळी त्यांच्या दाराबाहेर कडुनिंबाचा मोठा हिरवागार चेंडू लटकलेला दिसला. अंगणातल्या झाडाच्या डहाळ्या तारेच्या सांगाड्यात खोचून, कात्रीने गोल कापलेल्या. पाडवा दोन दिवसांवर आला होता. मी काय समजायचं ते समजले. दुपारपर्यंत मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना फोन गेले, की आमचे जपानी शेजारी पाडवा करतायत, दाराला निंब बांधलाय, आणि ही गोडी त्यांना कुणी लावली ते मी माझ्या तोंडाने सांगत नाही. एकीने तर पुढच्या कार्यक्रमात माझा सत्कार सुचवला. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

पाडव्याला मी श्रीखंड घेऊन वर गेले. परत येणार हे धरून वाटी लहानच घेतली होती. सान दारातच बसले, चमचा मागितला आणि वाटी चाटूनपुसून मोकळी केली. मग विचारलं, अजून आहे का. मी म्हटलं, अहो, हे दह्याचं आहे. ते म्हणाले, “माहीत आहे. आता चालतं. घरी शेवटचा घाणा उतरला.”

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं घर उत्तर जपानात, बर्फाच्या गावात. आठ-नऊ पिढ्या घरात साके करतात. साके म्हणजे तांदळाची दारू, पण दारू म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, म्हणून मी साकेच म्हणते. एकच उंची साके होती त्यांची, थोड्या बाटल्या निघणारी. तिच्यासाठी तांदळाचा दाणा घासून घासून अर्ध्याहून जास्त भुगा काढून टाकत आणि आतला मोत्याएवढा गाभा तेवढा ठेवत. आमच्याकडे ताटात शीत टाकलं तर बोलणी बसत. त्या गाभ्यावर एक खास बुरशी धरवायची, आणि सगळा खेळ त्या बुरशीचा. दह्यातले, लोणच्यातले जंतू माणसाच्या अंगावरून आत शिरले तर ती नासते. म्हणून थंडीत, घाणा चालू असेतो, त्या घरात कुणी आंबवलेलं खायचं नाही, आंबट फळ सोलायचं नाही. घाणा संपून नवी साके उतरली की दारावर देवदाराच्या डहाळ्यांचा हिरवा गोळा टांगायचा. मस्कतला देवदार कुठला, म्हणून कडुनिंब.

अगं बाई, हे तर सोवळं! माझ्या आजेसासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक करताना आम्हाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. तेच हे, फक्त शेवटी नैवेद्याऐवजी बाटली. मंडळात काय सांगायचं हा प्रश्न होता. मी काहीच सांगितलं नाही. सत्कार आपोआप बारगळला.

पण सान, मी विचारलं, तुम्ही तर इथे वाळवंटात पाणी गोड करताय, तुमच्या अंगावरचे जंतू जपानला कसे जातील? त्यावर त्यांनी रिकामी वाटी खाली ठेवली. ते थोरले. घर सोडून इंजिनिअरिंगला गेले, तिकडून परदेशी. वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं. निघताना वडील म्हणाले होते, “जातोस तर जा. पण परत यायच्या लायकीचा राहा.” वडील वारले, घाणा धाकट्या भावाकडे गेला. बोलावणं कधी आलं नाही. पण ते थंडीत आलं आणि आपण नेमकं दही खाल्लेलं असलं तर? वीस वर्षं त्या माणसाने याच भीतीने दर हिवाळ्यात पथ्य पाळलं होतं. मी त्याला शिष्ट म्हटलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी जरा आपटतच घासली.

त्याच महिन्यात रजेवरून परतणाऱ्या एका जपानी इंजिनिअरबरोबर बाटली आली. ती विमानतळावरून आणायला सानांचा ड्रायव्हर गेला, दापोलीचे एक मुसलमान चाचा. बाटलीला ते हात लावणार नव्हते, ती त्या इंजिनिअरच्याच मांडीवर होती. पण म्हणाले, “तापायला नको, येसी चालू ठेवतो.” आणि सगळा रस्ता स्वतः कुडकुडत आले. सानांनी अंगठ्याएवढ्या पेल्यात थोडी साके आम्हालाही आणून दिली. यांनी कुठेतरी वाचलं होतं की साके गरम करून पितात, म्हणून आपला वाटा चहाच्या भांड्यात उकळून घेतला आणि वर सानांना सांगितलंही. उंची साके गार प्यायची असते. सान यांच्याकडे बघून हसले, आजारी माणसाकडे बघून हसतात तसे.

माझा पेला तसाच राहिला. मी काही पिणार नव्हते. पण वास घेतला, कारण मी सगळ्याचाच वास घेते. दूध, पीठ, मुलीचा डबा, यांचे शर्ट. ती माझी खोड आहे, आणि या नाकापायी माझी कुठेकुठे शोभा झाली आहे ते आता सांगत बसत नाही. वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, “अढीतला आंबा.”

सान जागच्या जागी थांबले. म्हणाले, पुन्हा सांगा. मग मी गवतात आंबे कसे पिकत घालतात, खोलीचं दार उघडलं की काय वास येतो, सगळं हातवारे करून सांगितलं. पुढे दर एप्रिलला ते पेला घेऊन खाली यायचे आणि विचारायचे, “ओकुसान, यंदा काय?” मला वाटायचं हा त्यांच्यातला शिष्टाचार असेल. मीही डोळे मिटून, मान तिरकी करून सांगायची. एकदा आरशात पाहिलं स्वतःला तसं करताना. फार काही बघण्यासारखं नव्हतं.

मधल्या एका हिवाळ्यात मी त्यांना उकड पाठवली. तांदळाच्या पिठाची म्हणून मुद्दाम पाठवली. त्यांनी सगळी खाल्ली, निरोप पाठवला की फार छान. संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की उकडीत ताक असतं, आणि तेही चांगलं आंबट. पदार्थ इतका हातचा, की ताक घातलंय हे लक्षातच राहिलं नाही. मी धावत वर जाऊन सांगितलं. सान पांढरे पडले. दोन-तीन वेळा अंघोळ केल्याचा पाण्याचा आवाज आम्हाला खाली ऐकू आला. त्या गडबडीत मला एक साधी गोष्ट सुचली नाही. आंबट ताकातली, लसणाची फोडणी दिलेली उकड फाटकापासून कळते. ती सानांना कशी कळली नाही?

ते कळायला आणखी दोन वर्षं जावी लागली. फेब्रुवारीतली सकाळ होती, शुक्रवार, सुट्टीचा दिवस. सान खाली आले आणि सोफ्याच्या कडेवर बसले. हातात कापडात गुंडाळलेल्या तीन छोट्या बाटल्या. भावाचा फोन आला होता. घाण्यावरचा मुख्य कारागीर म्हातारा होऊन गावी गेला, एका मोठ्या कंपनीने घर विकत मागितलंय, भाऊ एकटा थकलाय. यंदाच्या तीन टाक्यांतले नमुने त्याने पाठवले होते. दादा, वास घेऊन सांग, कुठल्या टाकीवर आपलं नाव घालायचं. तू सांगू शकलास तर ये, दोघं मिळून चालवू. नाहीतर मी सही करून टाकतो.

वीस-बावीस वर्षांनी बोलावणं आलं होतं. आलं तेही थंडीत, आणि पथ्य अभंग होतं. माझी उकड सोडून. मी म्हटलं, मग घ्या ना वास.

सान म्हणाले, “मला वास येत नाही, ओकुसान.”

मस्कतच्या आधी ते दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथे क्लोरीनची गळती झाली होती. छाती सुधारली, वास गेला तो गेलाच. भावाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. घाण्यावरच्या घरातल्या थोरल्याला वास येत नाही, हे सांगायचं कसं? दर एप्रिलला पेला घेऊन ते शिष्टाचार म्हणून येत नव्हते. घरची साके कशी झालीये ते त्यांना फक्त माझ्याकडून कळत होतं. आणि मी मान तिरकी करून तोरा मिरवत होते.

मला रडू आलं, आणि रडताना माझं नाक चोंदतं, म्हणून ते आधी आवरावं लागलं. यांनी खिडक्या उघडल्या. फोडणी नाही, उदबत्ती नाही. केसांना खोबरेल होतं म्हणून मी साबणाने डोकं धुऊन आले. देवाकडे बघायचं मात्र टाळलं. हे म्हणाले, वासाने कुणी बाटत नाही. मी म्हटलं, हे तुम्ही सांगू नका, तुम्ही ती उकळलीत. सासूबाई डोंबिवलीला होत्या हे एक बरं होतं.

पहिला पेला. नव्या तांदळाच्या पेजेचा वास, तूप न घातलेल्या. चांगला, पण सकाळच्या न्याहारीचा. दुसरा पेला नाकाशी नेला आणि मी मामाच्या घरी माळ्यावर पोचले. गवत, अंधार आणि आंबे. आज कापला तर घट्ट लागेल, उद्या पिकेल, असा. तिसऱ्याला मी जरा थांबले. दुसऱ्याच्या घरच्या चीजवस्तूला नावं ठेवायची म्हणजे जिवावर येतं. पण शेवटी सांगून टाकलं, की पावसाळ्यात नीट न वाळलेल्या पंचाचा वास येतोय.

मग मला पोक्त शहाणपण सुचलं. म्हटलं, सान, तुमच्या गावात आंबे होतात का? नाही. मग भावाला आंबा सांगू नका, त्याला लगेच संशय येईल. तुमच्याकडे टरबूज असतं, सफरचंद असतं, असलं काहीतरी म्हणा. सान म्हणाले, “मी तो वास घेतलेला नाही. मग दुसरं नाव कसं देऊ? तुम्ही म्हणालात तेच सांगेन.” घर जायची वेळ आली होती, आणि या माणसाला टरबूज म्हणवत नव्हतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

आमच्याच फोनवरून त्यांनी नंबर फिरवला, आणि वाकले. त्या सगळ्या जपानीत मला एकच शब्द कळला, “मँगो”. मी यांचा हात धरला. तेवढ्यात रिसीव्हरमधून हसण्याचा आवाज आला, मोठ्याने, खूप वेळ. सान हसत नव्हते. ते खाली खाली वाकत गेले, आणि एकदम त्यांचं वाकणं थांबलं. ते ताठ उभे राहिले. फोनवर बोलताना ताठ उभे राहिलेले सान मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

फोन ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं. भाऊ म्हणाला होता, दादा, हे नाक तुझं नाही. तू गवतातला आंबा जन्मात पाहिलेला नाहीस. कोण आहे तुझ्याजवळ? सानांनी सगळं सांगून टाकलं. क्लोरीन, एवढी वर्षं लपवलेलं, आणि शेजारची बाई. त्यावर भाऊ म्हणाला, तिसऱ्या टाकीचा मला संशय होताच, इथे कुणी बोलायला धजावत नव्हतं. आणि मग म्हणाला, “बाबांनाही शेवटची दहा वर्षं वास येत नव्हता. आई घ्यायची. बायकांना आत जायची बंदी, म्हणून ती दाराबाहेर उभी राहायची आणि बाबा पेला बाहेर आणायचे. हे फक्त मला माहीत होतं.”

ज्यांनी लायकीचा राहा म्हणून बजावलं होतं, ते स्वतः बायकोला दाराबाहेर उभं करून तिच्या नाकावर नाव कमावत होते. मला त्या न पाहिलेल्या बाईचा, सगळं मुकाट सोसलं म्हणून, फार राग आला आणि तिची फार मायाही आली. बर्फात उभी राहत असेल बिचारी.

यांनी विचारलं, मग काय ठरलं? बोलावलं की नाही?

सान म्हणाले, “तो म्हणाला, नाक कुठेही मिळेल. पण इथे आता थंडीत कुणी दही सोडत नाही. तू वीस वर्षं कुणी न बघता सोडलंस. ये.”

महिनाभरात ते गेले. आमच्या फाटकाशी चाचांनी बॅगा गाडीत ठेवल्या आणि सानांना मिठी मारली. मी काही देऊ शकले नाही. मार्च होता, आणि मला जे चांगलं जमतं त्या सगळ्यात दही असतं. सान मला वाकून नमस्कार करून गेले. त्यांच्या दारावर मागच्या वर्षीचा कडुनिंबाचा गोळा वाळून तपकिरी झाला होता. नवीन भाडेकरूने काढू का विचारलं. मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एक जपानी इंजिनिअर छोटी बाटली घरी देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी त्या दिवशी फोडणी केली नव्हती, डोकं साबणाने धुतलं होतं. यांना वाटलं, मला काहीतरी झालंय.

“ओकुसान,” पलीकडून आवाज आला. त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली ती पहिलीच साके होती. नमस्कार-चमत्कार काही नाही. एवढंच विचारलं, “मँगो?”

मी पेला नाकाशी धरला. एकदा, मग पुन्हा एकदा. घाई केली नाही.

“उद्या पिकेल,” मी म्हटलं.

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मीही फोन ठेवला नाही. ते वाकले असणार, आणि त्यांना सरळ व्हायला नेहमीच वेळ लागतो.